खिडकी चार बोटं

एप्रिल लागला की आमच्या घरात बोलणं कमी होतं.
बाबांच्या बोटांत वाळ्याच्या काड्या रुतलेल्या,
इतवारीतल्या दुकानापुढे कूलर रांगेत,
पाठ उघडी टाकून बसलेले
मेयोतल्या पेशंटसारखे.

त्याच महिन्यात आईने माझा बायोडाटा टाइप करून आणला.
वर्ण निमगोरा. (मी सावळी आहे.)
स्वभाव मनमिळाऊ.
नोकरी : आवड म्हणून.

मिहानच्या हँगरमध्ये रात्री अडीच वाजता
विमानाच्या पोटाखाली आडवी पडून
एकेक रिव्हेट टॉर्चने तपासते,
ती आवड.

"रात्रीच काऊन जावं लागते तुले?"
"दिवसा ते उडून राहते, आई."
बाबा हसले.
मग आईकडे पाहून हसणं पुसून टाकलं
हाताला लागलेल्या ग्रीससारखं.

सकाळी सहाला खापरीच्या ठेल्यावर
प्रज्वल दोन प्लेट तर्री-पोहे सांगून उभा असतो.
मामाच्या मेडिकलमधून भाजल्यावरचं मलम आणतो,
न विचारता माझ्या मनगटाला लावतो,
स्वतःच्या प्लेटमधलं लिंबू माझ्याकडे सरकवतो.
या लिंबासाठी मी
आणखी दहा रात्री जागू शकते.

त्या दिवशी म्हणाला,
बेसा रोडला दोन खोल्या पाहिल्यात,
लग्न आधी की नंतर, तू म्हणशील तसं,
फक्त
पाळी तेवढी दिवसाची करून घेशील ना?

तर्रीवरचा लाल तवंग
मी चमच्याने बाजूला सारत राहिले,
तो परत मध्ये येत राहिला.

घरी आईला मी फक्त नाव सांगितलं.
प्रज्वल.
आई आडनावासाठी थांबली.
कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या,
चौथी झाली,
डाळ खाली लागल्याचा वास आला,
आई थांबूनच होती.

दोन्हीकडे माझ्यासाठी जागा काढून ठेवलेली.
खरंच, प्रेमानेच.
किती लागते, हे मात्र
कोणी विचारलं नाही.

म्हणून चिंचभवनला ही एक खोली.
भाडं साडेचार हजार, वरच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत.
दुपारी हात लावला तर पोळते.
पहिल्या रात्री मी रडले
आणि दुसऱ्या रात्री
घोरत झोपले असणार,
कारण शेजारच्या काकू सकाळी काहीतरी बोलल्या.

रविवारी खाली छोटा हत्ती थांबला.
बाबा. मागे कूलर, नव्या ताट्या लावलेला.
जिन्यावरून त्यांनी आणि ड्रायव्हरने चढवला,
खिडकीला बसवला, पाणी भरलं,
खोलीत नजर फिरवली नाही.
बसा म्हटलं तर म्हणाले, दुकान उघडं आहे.
चपलेत पाय घालता घालता :
"पंप बुडलेला पाहिजे, कोरडा चालला की जळते.
अन् समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवजो.
बंद खोलीत कूलर नुसती ओल करते."

कूलरच्या रिकाम्या कप्प्यात डबा होता.
सांभारवडी. अजून कोमट.
आईने ती कागदात गुंडाळलेली.
उलगडला तर माझाच बायोडाटा,
निमगोरा या शब्दावर तेल पसरलेलं.
रद्दी म्हणून वापरला,
की आठवण म्हणून पाठवला,
मला ठरवता येईना. चार वड्या खाल्ल्या,
तरी येईना.

रात्री प्रज्वलचा मेसेज : येऊ?
मी लिहिलं, इथे नको. पुढच्या रविवारी इतवारीत ये,
आडनावासकट.
आणि पाळी रात्रीचीच राहील,
ते आधीच सांगून ठेवते.

दोन टिका निळ्या झाल्या.
तो काहीतरी लिहितोय, थांबतोय,
परत लिहितोय.

पंपाची घरघर. ताट्यांतून उतरणारं पाणी.
खोलीभर वाळ्याचा वास,
बाबांच्या शर्टाला असतो तो.
उठले,
खिडकीला बोटं लावून मोजली,
एक, दोन, तीन, चार.